एक घर, एक दोरी

कडकबाईंना ते नाव खळीवरून पडलं की जिभेवरून, यावर गावात दोन तट होते. खळीवाले म्हणत, बाईंच्या लाँड्रीतून आलेली कॉलर ताठ उभी राहते, मग आत मान असो नसो. जिभेवाले काहीच म्हणत नसत, कारण त्यांचेही कपडे त्याच लाँड्रीत पडलेले असत. लाँड्री बाईंच्या वडिलांची, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. यजमान घरजावई म्हणून आले, जन्मभर गप्प बसले आणि तसेच गप्प गेले. शाळेत बाई दुसरीपर्यंत गेल्या. पुढचं शाळेलाच झेपलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

अशा घरात आलेली सून दफ्तरखान्यात नोकरीला. जिल्हा कचेरीच्या तळघरात जुने कागद होते, कोण कधी जन्मलं, कुणाचं कुणाशी लागलं, कोण कशाने गेलं, आणि ते सगळं ही एकटी सांभाळायची. लांबलांबून माणसं यायची आपलं मूळ शोधायला. पणजीचं नाव सापडलं की म्हातारे बाप्ये टेबलावर डोकं ठेवून रडायचे, आणि सून त्यांच्या डोक्याखालचा कागद हळूच बाजूला काढायची, डाग पडू नये म्हणून. कडकबाईंना हे सगळं थेर वाटायचं. जित्या माणसांचे सदरे पडलेत धुवायचे, आणि ही मेलेल्यांची धूळ झटकून पगार आणते. बरं, ज्यांना स्वतःच्या पणजीचं नाव ठाऊक नाही त्यांनी ते चारचौघांत विचारू तरी नये. आम्हाला नाही कुठल्या कागदात बघावं लागत. आमचं मूळ बघायचंय, तर या, बॉयलर दाखवते.

त्यात सुनेची आई, म्हणजे विहीणबाई, राहायची थेट समोर. तिचं बटणांचं दुकान, आणि तेही तीन पिढ्यांचं. लाँड्रीत कपड्यांची बटणं फुटतात असं बटणवाली गिऱ्हाइकांना सांगायची. बटणंच कच्ची विकतात काही लोक, असं कडकबाई सांगायच्या. दोघींची पोरं एकमेकांच्या प्रेमात पडली ती बहुधा ह्या ओरडाआरड्यात खिडक्या सतत उघड्या असल्यामुळे. लग्न झालं, तरी दोघींपैकी एकीनेही रस्ता ओलांडला नव्हता. बोलायचं झालंच तर आपापल्या पायरीवरून.

एका सकाळी कचेरीतला पाण्याचा पाइप फुटला. फुटायला त्याला सगळं तळघर मोकळं होतं, पण तो फुटला नेमका लग्नाच्या कागदांच्या कपाटावर. एका लग्नाचा एक कागद, नवऱ्यामुलाचं घर, नवरीचं घर, खाली सह्या नाहीतर अंगठे, आणि सालवार, म्हणजे एका वर्षाचे एकत्र, बांधलेले गठ्ठे. सगळे गठ्ठे पाव दुधात बुडवावा तसे भिजले. सुनेने वरच्या कचेरीला फोन केला. तिकडून सांगितलं की उद्या दुपारी तपासनीस येतील. ज्याला बुरशी लागली, किंवा ज्याचा सालवार क्रम बिघडला, तो सगळा माल ट्रकमध्ये भरून मोठ्या गोदामात जाईल. त्या गोदामात बाहेरच्या माणसाला पाऊल टाकू देत नाहीत. म्हणजे कागद गेले ते गेलेच. आणि जिथे कागद नाहीत तिथे कागद सांभाळणारी तरी कशाला, हेही त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं.

सून लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या साडीतून पाणी ठिबकत होतं आणि नवरा मागे व्हॅनमध्ये गठ्ठे घेऊन बसला होता. लग्न झाल्यापासून तिने सासूकडे साधं मीठ मागितलं नव्हतं. आज म्हणाली, "आई, मला तुमचा माळा हवाय."

कडकबाईंनी तो क्षण जरा तोंडात घोळवला. मग अटी ऐकल्या. अटी सुनेच्याच. बॉयलर बंद ठेवायचा, माळ्यावर वाफेचा कण चढता कामा नये. खिडक्या उघड्या आणि पंखे चालू. कागदाला चिमटा लावायचा नाही. इस्त्रीचं तर नावही काढायचं नाही.

लाँड्रीत उभं राहून इस्त्रीचं नाव काढायचं नाही, हे ऐकायलाच देवाने मला ठेवलं होतं वाटतं, असं कडकबाई म्हणाल्या. पण सुनेचा चेहरा पिळलेल्या रुमालासारखा झाला होता, ते त्यांना बघवेना. आणि समोरच्या पायरीवर बटणवाली कान टवकारून उभी होती, ते त्यांना त्याहून बघवेना. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. त्यांनी बॉयलर बंद केला.

लाँड्रीत इस्त्रीवाल्या दोघी, थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी. अख्खं गाव त्यांना कॉलरवरून ओळखू यायचं. सुनेने त्यांना दाखवून दिलं की कागद कसा सोडवायचा, जुन्या चादरीत कसा हलकेच दाबायचा आणि पांढऱ्या फडक्यावरून दोरीवर कसा टाकायचा. मग ती नवऱ्याबरोबर तळघरात उरलेला माल आणायला गेली. जाताना सगळं सांगून गेली, फक्त क्रमाचं सांगायचं राहिलं. गठ्ठा जसा आहे तसाच वाळत घालायचा, हे काय सांगायला हवं? कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल, असं तिला वाटलं.

पण कडकबाईंच्या माळ्यावर शहाण्या माणसांचा कायदा चालत नसे, कडकबाईंचा चाले. आणि तो कायदा एकच होता, एक घर, एक दोरी. दोन घरांचे कपडे एका दोरीवर टाकायचे नाहीत. त्यांच्या वडिलांच्या वेळी एकदा न्यायाधीशाचा पायजमा शिंप्याच्या घरी गेला होता, आणि शिंप्याने तो ओळखून बायकोला असे प्रश्न विचारले होते की शेवटी ते भांडण त्याच न्यायाधीशापुढे गेलं. तेव्हापासूनचा नियम. ओली वस्तू माळ्यावर आली की ती आधी कुणाची हे बघायचं, मग आपल्या दोरीवर टाकायची. थोरलीने पहिला गठ्ठा सोडला, वरचा कागद उचलला आणि हात आपोआप पाववाल्यांच्या दोरीकडे गेला.

धाकटी म्हणाली, अगं, पण नवरी तर घड्याळवाल्यांकडची आहे.

झालं, पंचाईत. सदरा एका माणसाचा असतो, लग्न दोन घरांचं. थोरलीचं म्हणणं, नवऱ्याच्या दोरीवर टाका. धाकटीचं म्हणणं, का म्हणून, मुलगी दिली म्हणजे कागदही द्यायचा का? दोघी हातघाईवर आल्या. कडकबाईंनी निवाडा केला. पाववाल्यांच्या दोरीपासून घड्याळवाल्यांच्या दोरीपर्यंत एक नाडी आडवी बांधा आणि कागद मधोमध टाका. दोन्ही घरांचा मान राहील आणि कुणाच्या बापाचं काही जाणार नाही.

नाडी बांधली. मग दुसरी. मग डॉक्टरांच्या दोरीवरून सुतारांच्या दोरीवर, सुतारांच्या दोरीवरून परत पाववाल्यांकडे. थोरली नावं वाचायची, धाकटी गाठ मारायची, कडकबाई दोऱ्यांखाली खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या. माळ्यावर कोळ्याने संसार थाटावा तशी नाड्यांची जाळी झाली. आणि हळूहळू तिघींच्याही लक्षात यायला लागलं की हे नुसतं वाळत घालणं राहिलेलं नाही. डॉक्टर, जे कुणाच्या घरी पाणी पीत नसत, त्यांची आज्जी निघाली सुताराची मुलगी. पाववाला आणि घड्याळवाला एका भिंतीवरून कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि त्यांच्या दोऱ्यांमध्ये तर इतक्या नाड्या की त्याखालून वाकून जावं लागे. धाकटीला हसू आवरेना. तिने खिडकीतून खाली रस्त्यावर चाललेल्या घड्याळवाल्याला हाक मारून सांगितलं की तुमचा मामा पाव भाजतो.

मग काय, कपडे न्यायला आलेली माणसं कपडे विसरून माळ्यावर चढायला लागली. ज्याचं त्याला आपली दोरी बघायची होती. शिंपी आला, त्याची म्हातारी आई आली, डॉक्टरीणबाई तोंड लपवत आल्या आणि तोंड उघडं टाकून बसल्या. माझी आजी तुझ्या आजोबांची बहीण लागते, म्हणजे मी तुझी कोण, असले हिशोब जिन्यावर सुरू झाले. एक तर म्हणाला, मग परवा मी तुला शिव्या दिल्या त्या घरातल्या घरातच झाल्या की. पाववाल्याने नव्या भाच्याला भेटायचं म्हणून ताज्या पावांची टोपली वर आणली, आणि कागदांजवळ खाऊ नका म्हणून कडकबाईंनी ती जिन्यातच अडवली. एवढी गर्दी त्यांच्या माळ्यावर वडिलांच्या काळातही झाली नव्हती. त्या नाड्यांखाली अशा बसल्या होत्या, जणू सगळ्यांची लग्नं त्यांनीच जुळवली.

तेवढ्यात धाकटीने एक कागद मनातल्या मनात वाचला आणि तो थोरलीपुढे धरला.

कडकबाईंनी वाच म्हटलं. ती वाचेना. शेवटी थोरलीने वाचलं. नवरी लाँड्रीवाल्यांची, कडकबाईंच्या आजोबांची सख्खी बहीण. नवरा बटणवाल्यांचा. म्हणजे समोरच्या विहीणबाईंची आज्जी ही ह्या घरची लेक. कधी काळी ती रस्ता ओलांडून गेली, घरच्यांनी तिचं नाव टाकलं आणि पुढच्या पिढीला सांगितलंच नाही. दोन्ही घरांनी तो विषय असा धुतला होता की डागसुद्धा उरला नव्हता.

"म्हणजे ती माझी बहीण?" कडकबाई म्हणाल्या. "विहीण म्हणून सोसली, आता बहीण म्हणून सोसू?"

ही बातमी रस्ता ओलांडून गेली ती कडकबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत. आणि त्यांच्या जन्मात पहिल्यांदा बटणवाली रस्ता ओलांडून आली, जिना चढली आणि म्हणाली की मला माझ्या आज्जीचा कागद बघायचाय.

नेमकी तेव्हाच सून शेवटची खेप घेऊन वर आली. तिने नाड्यांचं जाळं बघितलं, गर्दी बघितली आणि सालवार बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रिकाम्या सुतळ्या बघितल्या. ती ओरडली नाही. तिने त्या सुतळ्या गोळा केल्या. क्रम गेला, एवढंच म्हणाली. उद्या ट्रक येणार.

मग तिने सगळ्यांना क्रमाचं सांगितलं. लांबून माणूस येतो, त्याला फक्त साल माहीत असतं. साल सांगितलं की कागद हातात पडायला हवा. नाहीतर तो कागद असून नसल्यासारखा. आणि क्रम मोडलेला माल तपासनीस ठेवू देत नाहीत. आत्ताच मिळालेल्या पणज्या उद्या गोदामात जाणार, हे प्रत्येकाला कळलं.

कडकबाईंच्या नियमाने घोळ केला होता, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्यांना खळ प्यायला आवडली असती. साल तर प्रत्येक कागदावर लिहिलेलं आहे, मग परत लावा, असं त्या म्हणाल्या. सून म्हणाली, कसं लावू? कागद अजून दमट आहेत, एकावर एक ठेवले तर चिकटतील. सगळे पसरून लावायचे तर तेवढं टेबल अख्ख्या जिल्ह्यात नाही.

कडकबाईंनी माळ्यावर बघितलं, जिन्यावर बघितलं, खिडकीतून खाली रस्त्यावर बघितलं. सगळीकडे माणसं.

"टेबल कशाला हवं?" त्या म्हणाल्या. "एवढी माणसं आहेत. प्रत्येकाने आपापला म्हातारा धरा, आणि माणसांचीच रांग लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो प्रकार सुरू झाला. सून एकेक कागद नाडीवरून उतरवायची आणि दोन्ही कडांना हलकेच धरायला लावून माणसाच्या हातात द्यायची. जुनं साल माळ्यावर, नवं साल खाली. रांग माळ्यावरून जिन्यात उतरली, इस्त्रीच्या खोलीतून गेली, दारातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळली. रांगेत भांडणं तर होणारच. आमची पणजी तुमच्या पणजीच्या आधी, हो का, महिना बघा महिना. डॉक्टर सगळ्यात वर उभे राहायला बघत होते, पण त्यांचं घराणं निघालं पार दाराबाहेरचं, आणि त्यांना पाणी आणून दिलं सुताराने. ते त्यांनी प्यायलं. हात कागदात अडकलेले, म्हणून सुताराने पाजलं. पाववाला आणि घड्याळवाला एकाच दिवशी लागलेल्या दोन लग्नांचे कागद घेऊन शेजारी शेजारी उभे होते. भिंतीचं भांडण त्यांनी तिथेच परत काढलं, पण हलता येत नसल्यामुळे ते लवकर मिटलं. कुणाला शिंक आली की धाकटी धावत जाऊन त्याचं नाक दाबायची.

फक्त एक कागद अडला, लाँड्रीच्या लेकीचा. त्याची एक कड कडकबाईंनी धरली, दुसरी बटणवालीने. एकीचं म्हणणं, माझ्या आजोबांची बहीण, आमच्या घरची. दुसरीचं म्हणणं, माझी सख्खी आज्जी, तिच्या मांडीवर मी वाढले, तुम्ही तिला टाकलंत. टाकलं ते खरं, असं कडकबाईंना मनात वाटलं. पण म्हणून हात सोडायचा, असं कुठे लिहिलंय? सून मधे आली. ओढलात तर फाटेल, म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की दोघी म्हाताऱ्यांनी शाळेतल्या पोरींसारखी बोटं सैल केली. मग रांगेत त्या सालाच्या जागी दोघी तोंडासमोर तोंड करून उभ्या राहिल्या, मधे कागद, आणि श्वाससुद्धा बेताने. इतक्या जवळून त्यांनी एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. बटणवालीचं नाक अगदी आपल्या वडिलांसारखं आहे, हे कडकबाईंना दिसलं. तिला सांगण्यासारखं ते नव्हतं.

तपासनीस दुपारी आले. चष्मा, बॅग, आणि चेहरा असा की बॅगेत दुसरा चेहरा नसावा. कोपऱ्यावरच त्यांना रांगेचं शेपूट लागलं. रेशनचं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. शेवटचा माणूस म्हणाला, नाही साहेब, ही माझी आत्या, आणि त्याने कागद पुढे धरला. साहेब बघायला वाकले. मग पुढचा म्हणाला, ही माझी आजी, सही येत नव्हती, अंगठा बघा किती ठळक. साहेब परत वाकले. असे वाकत वाकत ते दारातून आत आले, इस्त्रीच्या खोलीतून जिन्याला लागले, आणि प्रत्येकाने त्यांना आपल्या माणसाची ओळख करून दिली. जिना अर्धा चढेपर्यंत साहेब घामाघूम झाले होते आणि गालातल्या गालात हसत होते, आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

पण नियम तो नियम. त्यांनी सुनेला एक साल सांगितलं आणि त्या सालातला पहिला कागद खाली टेबलावर आणून दाखवा म्हणाले. जगात एवढी सालं, पण साहेबांना तेच, लाँड्रीच्या लेकीचं, सापडलं. सुनेने कपाळाला हात लावला. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

तू सोड, असं कडकबाईंच्या डोळ्यांनी सांगितलं. तू सोड, असं समोरच्या डोळ्यांनी. कुणीच सोडलं नाही. शेवटी दोघी निघाल्या, खेकड्यासारख्या आडव्या, मधे कागद ताणू न देता, जिना एकेक पायरी. अख्खी रांग भिंतीला चिकटली. एका वळणावर कडकबाईंचा पाय चुकला, आणि बटणवाली स्वतःशी पुटपुटावं तशी म्हणाली, "सांभाळ गं." ते ऐकून कडकबाई पाय चुकल्याहून जास्त दचकल्या. टेबलाशी पोचल्यावर सुनेने आता एक, दोन, तीन म्हटलं, तेव्हा दोघींनी एकदम हात काढले.

साहेबांनी कागद बघितला. कोरडा, साल बरोबर, बुरशी नाही. पुढचा मागितला, तोही आला. क्रम ठीक आहे, असं त्यांनी लिहिलं, आणि जिन्यावरून वरपर्यंत एकच गलका उठला. मग त्यांनी पेन परत उघडलं. पण ठेवणार कुठे? तळघरात तर गुडघाभर पाणी आहे. कुलूप लागणारी कोरडी खोली आज दाखवा, नाहीतर ट्रक बाहेर उभा आहे.

आमच्या दुकानावरची खोली रिकामी आहे, असं बटणवाली लगेच म्हणाली.

कडकबाईंना तो शब्द सुईसारखा टोचला. लाँड्रीची लेक एकदा गेली ती गेली, आता तिचा कागदही समोर जाणार? त्यांनी माळा देऊ केला. अर्धा. मग पाऊण. मग पूर्ण माळा, आणि लाँड्री बंद ठेवायची सुद्धा तयारी दाखवली, तेव्हा रांगेतल्या लोकांना स्वतःच्या सदऱ्यांची काळजी वाटायला लागली. सून एवढा वेळ ऐकत होती. मग सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आई, माळा तुम्ही दिलात, तो मी विसरणार नाही. पण इथे वाफ आहे. कागद समोर जातील."

सबंध जन्मात कडकबाईंना कुणी चारचौघांत नाही म्हटलं नव्हतं. कडकबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत निरखलं. ही पोर घाबरलेली नव्हती. कागदासाठी ही सासूला नाही म्हणाली, उद्या तपासनिसाला म्हणेल, परवा आणखी कुणाला. अशी माणसं आपल्याच घराण्यात असतात, असं त्यांना वाटून गेलं, आणि मग आठवलं की खरंच आहेच की ही, दोन्हीकडून.

"मग बघत काय उभे राहिलात?" त्या रांगेवर गरजल्या. "चला सगळे समोर. क्रम मोडला तर एकेकाची कॉलर मी स्वतः पिळीन."

सगळी रांग, जशीच्या तशी, डोक्याला शेपूट लावून रस्त्यापलीकडे गेली. सायकलवाले थांबले, ट्रकवाला खाली उतरून बघत राहिला आणि साहेबांनी नकाराची खूण केल्यावर कंटाळून रिकामा निघून गेला. सगळ्यात पुढे कडकबाई. बटणांच्या दुकानाची पायरी त्यांनी पहिल्यांदाच चढली, आणि वरच्या खोलीत जाऊन खिडक्या घट्ट आहेत का, भिंतीला हात लावून ओल आहे का, कपाटाखाली उंदीर आहे का, सगळं बघितलं. काही सापडलं नाही म्हणून त्या हिरमुसल्या. सून एकेक कागद घेऊन मांडायला लागली. माणसं हात झटकत खाली उतरली, नव्या नात्यांच्या नावाने एकमेकांना हाका मारत.

कडकबाई मात्र खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या. आमचं माणूस आहे इथे, ठाकठीक लागेपर्यंत मी हलणार नाही, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. बटणवाली दारात आली, जराशी घुटमळली, आणि चहा टाकू का म्हणाली.

"टाक," कडकबाई म्हणाल्या. "साखर बेताची. आणि कप धुतलेला असू दे."

"तो तर तूच धू," बहीण म्हणाली, आणि खाली चहा टाकायला गेली.